किराणा १,२०० रुपयांत बसवायचा? आधी मार्चचा हप्ता बघू

प्रश्न: आम्ही चाकणला भाड्याने राहतो. मिस्टर, मी, दोन मुलं (वय ९ आणि ६) आणि सासूबाई. मिस्टरांचा पगार हातात ३६,००० येतो. दूध धरून किराणा-भाजीला आठवड्याला १,८०० लागतात. ते १,२०० वर आणायचे आहेत, म्हणजे मार्चमध्ये विम्याचे हप्ते निघतील. गेल्या मार्चमध्ये दोन्ही हप्ते (मिस्टरांचा ४८,०००, धाकट्याच्या नावाचा ३०,०००) क्रेडिट कार्डवर भरले होते. त्यातले ७१,००० बाकी आहेत, पण ‘मिनिमम’ (बिलातली किमान भरायची रक्कम) आम्ही कधी चुकवलेलं नाही. किराणाही कार्डवरच घेते, पॉइंट मिळतात. दोन्ही पॉलिसी मामेदिरांनी काढून दिल्या. मिस्टरांची २० वर्षांची आहे, चार हप्ते भरून झालेत, विमा ९ लाखांचा, शेवटी १८ लाख मिळणार आहेत. धाकट्याची त्याच मार्चमध्ये घेतली. बाकीच्या खर्चाची यादी जोडली आहे. १,२०० रुपयांत बसेल असा सात दिवसांचा मेनू द्यावा.

उत्तर: मेनू देणार नाही. १,८०० रुपयांत पाच माणसं म्हणजे माणशी रोजचे ५० रुपये. त्यात तुम्ही चहा, दूध, दोन वेळचं जेवण आणि मुलांचे डबे बसवताय. यात उधळपट्टी शोधायला मी बसले तर मलाच लाज वाटेल.

तरी तुमची यादी पाहिली. रोज लिटरभर दूध, आठवड्याचे ४२० रुपये. गहू, तांदूळ २७५. तूरडाळ १३०, मटकी-मूग ६०, तेल १५०, भाजी ४००, चहा-साखर ८०, शेंगदाणे ६०, डझनभर अंडी ८५, पोहे-मसाला वगैरे १००. झाले साधारण १,७५०. यातून ६०० काढायचे म्हटले तर गहू, तांदूळ कमी होत नाहीत, पोट भरावंच लागतं. मग दूध अर्ध्यावर येतं, अंडी जातात, डाळ पातळ होते आणि भाजीत बटाटा वाढतो. आधी कोणाच्या ताटातलं कमी होईल हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बहुतेक घरांत ती स्वयंपाक करणारीच असते.

आणि एवढं करूनही गणित बसत नाहीच. तुमच्या सगळ्या खर्चाची बेरीज, कार्डाचं मिनिमम धरून, ३३,६०० होते. उरतात २,४००. किराण्यातून आठवड्याला ६०० वाचवले तर महिन्याचे २,६००. एकूण ५,०००. दोन हप्त्यांसाठी महिन्याला ६,५०० बाजूला पडायला हवेत. म्हणजे मुलांचं दूध तोडूनही दर महिन्याला दीड हजार कमीच, आणि मार्चमध्ये पुन्हा कार्ड निघणार. ६,५०० म्हणजे आठवड्याला १,५००. पाच माणसांच्या पोटात १,८०० जातात आणि पॉलिसीच्या पोटात १,५००!

आता कार्ड. ‘मिनिमम चुकवलं नाही’ हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय, म्हणून जरा स्पष्ट सांगते. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू. ७१,००० वर अडीच हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९००. तुम्ही भरता साडेतीन हजार, मुद्दलातून कमी होतात ६००. वर्षाचे ३५,००० नुसतं व्याज. ४२ टक्क्यांनी पैसे उचलून तुम्ही साडेपाच टक्के देणाऱ्या पॉलिसीत भरलेत. होय, साडेपाच. ४८ हजार वर्षाला, २० वर्षं, शेवटी १८ लाख, याचा परतावा तेवढाच पडतो. पीपीएफला (सरकारी बचत योजना) ७.१ टक्के मिळतात, तिथे हेच २१ लाखांच्या वर जातात. शिवाय त्या १८ लाखांतला मोठा भाग बोनस असणार. पुढे जाहीर व्हायच्या बोनसची हमी नसते, आणि महागाई सहा टक्के धरली तर १८ लाखांची आजची किंमत सात लाखांच्या आसपास. मामेदिरांनी हे सांगितलं नसणार.

आणि ते पॉइंट! कार्डावर जुनी बाकी असेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. म्हणजे शनिवारी घेतलेल्या तूरडाळीवर शनिवारपासूनच व्याज सुरू. कार्ड आजच कपाटात टाका, किराणा रोखीने किंवा यूपीआयने.

धाकट्याच्या पॉलिसीबद्दल मला खरंच राग आला. सहा वर्षांच्या मुलाच्या जिवाचा विमा कशासाठी? विमा कमावणाऱ्याचा काढतात. मिस्टरांना काही झालं तर तुम्हा चौघांच्या हातात ९ लाख येतील, म्हणजे दोन-सव्वादोन वर्षांचा घरखर्च. मार्चमध्ये धाकट्याच्या पॉलिसीचा पुढचा हप्ता भरू नका. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पूर्ण वर्षाचा हप्ता भरला असेल तर पहिलं वर्ष संपल्यावर सरेंडर केलं, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडली, तरी काही रक्कम परत मिळते. किती, ते कंपनीकडून लेखी घ्या.

मिस्टरांच्या पॉलिसीत आतापर्यंत १,९२,००० गेलेत. चौथ्या ते सातव्या वर्षात सरेंडरला निदान निम्मे मिळतात, म्हणजे ९६,०००. ‘मग लाखभर बुडाले की’ असं तुम्ही म्हणाल. बुडालेच. ते पॉलिसी घेतली त्या दिवशीच बुडाले, कळलं आज. आता एक गोष्ट मामेदिरांच्या बाजूनेही सांगायला हवी: हे ९६ हजार आणि पुढचे १६ हप्ते एवढंच धरलं, तर १८ लाखांवर साडेसात टक्के पडतात. हप्ता सहज झेपणाऱ्या घराला मी ‘चालू ठेवा’ म्हणालेही असते. तुम्हाला तो झेपत नाही आणि डोक्यावर ४२ टक्क्यांचं कर्ज आहे, तेव्हा हा विचार सोडा. पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवली, तर हप्ते थांबतील, पण पैसे १६ वर्षांनी येतील, कार्ड आज फिटणार नाही. पॉलिसीवर कर्ज काढलं तर हप्ता चालूच.

मात्र क्रम चुकवू नका. सरेंडरच्या आधी मिस्टरांच्या नावे ५० लाखांची टर्म पॉलिसी (नुसता जिवाचा विमा, मुदतीअखेर काही मिळत नाही) घ्या. पस्तिशीच्या, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला वर्षाला साधारण ७ ते ९ हजार लागतात, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवनविम्यावर जीएसटीही नाही. तंबाखू खात असतील तर फॉर्मवर तसं लिहा. हप्ता वाढेल, पण लपवलेली पुडी पुढे तुमच्या दाव्याच्या आड येईल. टर्मची पॉलिसी हातात आली की सरेंडरचा अर्ज. आलेल्या ९६ हजारांतून ७१ हजार कार्डाला. उरलेले २५ हजार बचत खात्यात, अडीनडीला. मामेदीर ‘यातून दुसरा चांगला प्लॅन करू’ म्हणाले तर चहा द्या आणि विषय बदला.

मिस्टरांचा पीएफ कापला जात असेल तर त्यासोबत ईडीएलआयचा (पीएफ खातेदारांसाठीचा) जिवाचा विमा असतो, कमाल ७ लाखांपर्यंत, वेगळा हप्ता न भरता. त्यांचं पीएफचं नॉमिनेशन लग्नाआधीचं असेल तर ते बाद झालेलं आहे. पोर्टलवर तुमचं नाव घाला, अर्ध्या तासाचं काम आहे.

एवढं झाल्यावर महिन्याला काय उरतं? आधीचे २,४००, सुटलेले कार्डाचे ३,५००, वजा टर्मचे ७००. ५,२००. यातले ४,००० बँकेच्या रिकरिंग ठेवीत टाका, तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत. एसआयपीचं, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या दरमहा गुंतवणुकीचं, त्यानंतर विचारा.

राहिले १,२००. त्यातून किराणा वाढवा, १,८०० चा २,००० करा. दोनशेत अंड्यांचा दुसरा डझन आणि किलोभर केळी-पेरू येतात. सोयाबीनच्या वड्या महिन्यातून एकदा किलोभर आणा, डाळीच्या निम्म्या पैशात तेवढीच प्रथिनं. मटकी भिजवून मोड आणून वापरताच, ते चालू ठेवा. ज्वारी स्वस्त म्हणून भाकरीवर येऊ नका, हल्ली ती गव्हापेक्षा महाग आहे. आवडत असेल तर जरूर खा. रिकरिंग नीट चाललं तर एप्रिल-मेमध्ये नवा गहू आला की वर्षाचा एकदम भरा, किलोमागे पाच-सात रुपये सुटतात. रोखीने भरा, कार्डावर नाही.