अमेरिकेत कागदी टार्गेटसाठी जुन्या वळणाचं, परवडणारं .२२ पिस्तूल कोणतं घ्यावं?

माझं मत विचाराल तर वापरलेलं रुगर मार्क टू, साडेपाच इंची जाड नळीचं. बिल रुगरनं १९४९ साली बाजारात आणलेल्या पिस्तुलाचाच हा घाट: जुन्या जर्मन लुगर पिस्तुलासारखी तिरकी मूठ, बारीक देह, आणि मागे बोल्टचे (गोळीमागचा पुढे-मागे सरकणारा भाग) दोन 'कान', चिमटीत धरून ओढायचे. नळी स्टीलच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यात, घट्ट बसवलेली आणि मागचा साइट त्याच रिसीव्हरवर, त्यामुळे साफसफाईनंतरही नेम हलत नाही. नळी जड असल्याने हात स्थिर राहतो. शेवटची गोळी सुटली की बोल्ट उघडा थांबतो. पहिल्या मॉडेलात ही सोय नव्हती.

खोलून पुन्हा जोडणं मात्र जिकिरीचं. सुरुवातीला हॅमरचा (आतल्या घोड्याचा) कोन जमेपर्यंत घाम फुटतो. तो त्रास नको असेल तर रुगरचंच, २०१६ मध्ये आलेलं मार्क फोर घ्या, मागचं एक बटण दाबलं की उघडतं. मात्र जून २०१७ पूर्वीचं असेल तर सेफ्टीच्या खटक्यासाठी कंपनीनं काढलेल्या रिकॉलचं (परत मागवून दुरुस्तीचं) काम झालंय का, हे आधी तपासा. तिरकी मूठ हाताला रुचत नसेल तर ब्राउनिंग बक मार्क बघा.

कोल्ट वुड्समन देखणंच, पण त्याचं उत्पादन १९७७ मध्ये थांबलं. संग्राहकांमुळे ते आता स्वस्तात मिळत नाही.

घेण्याआधी रेंजवर भाड्याने चालवून बघा, आणि दोन-तीन प्रकारच्या गोळ्या झाडून पाहा. रिमफायर पिस्तुलं (.२२ सारखी, ज्यांत आघात काडतुसाच्या कडेवर होतो) गोळ्यांच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. मार्क टूचं मॅगझीन काढलं तरी चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला आधीच भरलेली गोळी सुटू शकते, म्हणून दर वेळी बोल्ट ओढून आत डोळ्यांनी बघाच.