वाचक विचारतात : आकडे खरे असतील, तर दोष भाषेचा कसा?

प्रश्न : करोनाकाळातील बातम्यांनी एका समाजाविषयी द्वेष पसरवला, असे आपण मागील अंकात म्हटले होते. परंतु तेव्हा छापून आलेले आकडे सरकारीच होते. खरे आकडे दडवायला हवे होते, असे आपले म्हणणे आहे का? शिवाय रुग्ण कोठे सापडला, हे सांगणेही गैर ठरते का?
— एक वाचक, जालना

उत्तर : आकडे दडवावेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले, की देशातील १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ रुग्णांचा, म्हणजे जवळजवळ ३० टक्क्यांचा, संबंध दिल्लीतील निजामुद्दीन येथे झालेल्या, तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या मेळाव्याशी आहे. मात्र त्या दिवसांत चाचण्या मोजक्याच होत होत्या आणि मेळाव्याला गेलेल्यांना व त्यांच्या संपर्कातील माणसांना जिल्ह्याजिल्ह्यांत शोधून त्यांची तपासणी केली जात होती; जिथे शोध अधिक, तिथे रुग्णही अधिक सापडणार, हे उघड आहे. त्या गटात किती जणांची चाचणी झाली आणि इतरांत किती जणांची, हे मथळ्याशेजारी नसल्यामुळे खरा आकडाही वाचकाला चुकीच्या निष्कर्षाकडे घेऊन गेला.

त्याहून अधिक नुकसान केले ते क्रियापदांनी. टाळेबंदी २४ मार्चच्या रात्री जाहीर झाली आणि अवघ्या चार तासांत लागू झाली. त्यामुळे देशभर माणसे जागच्या जागी खिळली. बातम्यांत इतर प्रवासी बहुधा ‘अडकले’. मशिदीत सापडलेले मात्र ‘लपून बसले होते’, ‘फरार’ होते आणि त्यांना ‘ताब्यात’ घेतले गेले. ही सारी गुन्हेवार्तेची शब्दसंपत्ती आहे (आणि ती उपसंपादकाच्या बोटांवर इतकी रुळलेली असते, की त्यामागे दरवेळी हेतू असतोच असेही नाही), पण ती वापरताच रुग्णाचा आरोपी होतो, आणि आरोपी ठरण्याच्या धास्तीने लक्षणे असलेला माणूस चाचणीला जायचे टाळतो. अशा बहिष्कारामुळे रुग्ण आजार लपवतात, म्हणून कोणत्याही समाजावर वा वस्तीवर शिक्का मारू नये, असे खुद्द मंत्रालयाने त्याच एप्रिलमध्ये बजावले होते.

नगर जिल्ह्यात परदेशी तबलिगींवर दाखल झालेले गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केल्याची शक्यता दिसते, असे न्या. नलावडे यांनी निकालपत्रात म्हटले आणि माध्यमांतील प्रचारावरही ताशेरे ओढले. सहन्यायाधीश न्या. सेवलीकर गुन्हे रद्द करण्याशी सहमत होते, काही निरीक्षणांशी नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. एप्रिलमधील मथळ्यांच्या आकारात या निकालाची बातमी आलेली मला तरी आठवत नाही.

असा शिक्का एकाच समाजावर बसला, असे मात्र नाही. त्या मे महिन्यात अहमदाबादेत भाजीविक्रेते आणि किराणा दुकानदार यांना सरसकट ‘सुपर स्प्रेडर’ म्हटले गेले. एका रुग्णापासून अनेकांना लागण झाल्याचे आढळल्यावर वापरायचा हा शब्द तेथे चाचणीआधीच साऱ्या व्यवसायाला चिकटला.

राहिला ठिकाणाचा प्रश्न. अमुक दिवशी अमुक बाजारात गेलेल्यांनी तपासणी करून घ्यावी, असे सांगायचे असेल तर ठिकाण, तारीख आणि वेळ ठळक छापावी. कारण वाचकाला त्यावरून काहीतरी करता येते. रुग्णाचा धर्म कळून त्याच वाचकाला काय करता येते, हे मला अद्याप कोणत्याही संपादकाने सांगितलेले नाही.