वर्गातली मुलं 'सगळंच फेक असतं' म्हणायला लागली तर पुढे काय शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की फेक न्यूजवर तास घेतले, खोट्या बातमीची लक्षणं फळ्यावर लिहून दिली, आणि आता कुठलीही बातमी दाखवली की मुलं 'हे पण फेकच' म्हणून मोकळी होतात. मीही हायस्कूलच्या मुलांना हाच विषय शिकवते. माझ्या मते घोळ आहे तो लक्षणांच्या त्या यादीतच.

भडक मथळा, अशुद्ध लेखन, ढीगभर उद्गारचिन्हं, बेंगरूळ वेबसाइट ही लक्षणं फसवणाऱ्यालाही ठाऊक असतात. तो चकचकीत साइट उभी करतो, शुद्ध लिहितो, 'आमच्याविषयी'च्या पानावर भारदस्त नाव टाकतो. उलट एखाद्या प्रामाणिक संस्थेची साइट जुनाट दिसते. यादी लावणारं मूल दोन्हीकडे चुकतं आणि एक-दोनदा तोंडघशी पडलं की सगळ्यावरचाच विश्वास सोडून देतं. त्यात कष्टही नाहीत. काही तपासावं लागत नाही, वर चारचौघांत हुशार दिसता येतं.

त्यापेक्षा मुलांना त्या पानावरून लवकर बाहेर पडायला शिकवा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 10 पीएच.डी. झालेले इतिहासकार, 10 व्यावसायिक फॅक्ट-चेकर (माहिती खरी की खोटी हे तपासणारे) आणि स्टॅनफर्डचेच 25 विद्यार्थी यांना काही वेबसाइट तपासायला दिल्या होत्या. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना होत्या. एक 1930 पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी 2002 मध्ये मतभेदातून निघालेली, अगदी छोटी. नावं मिळतीजुळती, साइट दोन्ही नीटनेटक्या. बरेच विद्यार्थी आणि काही इतिहासकारसुद्धा पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले आणि चकले. फॅक्ट-चेकरांनी लगेच नवे टॅब उघडले आणि या संघटनांबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहिलं. मन लावून वाचा, असं आपण शाळेत सतत सांगतो. ते योग्यच आहे, पण हे वाचण्याच्या लायकीचं आहे का, हे आधी ठरवावं लागतं.

आता मी घेते तो तास सांगते. आधी पाण्याने भरलेल्या रस्त्यावर गाडीशेजारी पोहणाऱ्या शार्कचा फोटो दाखवते. तो 2011 मध्ये आयरीन चक्रीवादळाच्या वेळी कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटाचा म्हणून पसरला आणि नंतरही मोठं वादळ आलं की नव्या गावाचं नाव लावून फिरत राहिला. त्यानंतर 2022 च्या इयन वादळातला, फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सचा व्हिडिओ लावते. साचलेल्या पाण्यात एक मोठा मासा धडपडतोय. मी काहीच सांगत नाही. मुलं दोन्हींवर एका सुरात 'फेक!' म्हणतात. मग जोड्या करून एकच काम देते: हे सगळ्यात आधी कुठे दिसलं ते शोधा.

फोटोतला नुसता शार्क कापून रिव्हर्स इमेज सर्चला (चित्र देऊन ते इंटरनेटवर आणखी कुठे आहे हे शोधायची सोय) टाकला की छायाचित्रकार थॉमस पेशाक यांचा दक्षिण आफ्रिकेतला मूळ फोटो सापडतो. कयाक म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होडीमागून येणारा शार्क. तोच उचलून रस्त्यावर चिकटवलेला. मुलं खूश होतात, कारण त्यांचं म्हणणं खरं ठरलेलं असतं. व्हिडिओचा शोध मात्र त्यांना वेगळ्याच ठिकाणी नेतो. वृत्तसंस्थांनी मूळ फाइलची वेळ आणि तारीख तपासली, तर तो त्याच दिवशी तिथेच काढलेला निघाला. मासा पाहून काही तज्ज्ञ म्हणाले की लहान शार्क असावा, काहींनी खात्रीने सांगता येत नाही म्हटलं. इथे वर्ग शांत होतो, आणि घाई न करता मी त्यांना तसंच थोडा वेळ राहू देते. 'व्हिडिओ खरा आहे, शार्क बहुधा आहे' असं उत्तर देता येतं, हे काही मुलांना तेव्हा पहिल्यांदाच कळतं.

सुरुवातीला असंच निरुपद्रवी साहित्य घ्या. राजकारण किंवा धर्म आणलात तर मुलं पुरावा पाहणार नाहीत, आपली बाजू सांभाळतील. ते विषय नंतर घ्यायचेच, पण सवय पडल्यावर.

एआयच्या चित्रांसाठी वेगळी यादी करू नका. पोप फ्रान्सिस यांचं पांढऱ्या फुगीर कोटातलं चित्र मार्च 2023 मध्ये जगभर खरं समजलं गेलं. ते मिडजर्नी या एआयने चित्रं बनवणाऱ्या प्रोग्रामवर बनवलेलं होतं. एआयला हात नीट जमत नाहीत म्हणून बोटं मोजा, हात निरखा ही युक्ती अशा प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीत निकामी होते. हे चित्र पहिल्यांदा कोणी टाकलं, हा प्रश्न तेव्हाही चालतो.

गुण देताना खरं-खोटं बरोबर ओळखलं का याला कमी आणि कुठे कुठे पाहिलं, किती खात्री वाटते, कशामुळे, याला जास्त द्या. माझ्या वर्गात यानेच सगळ्यात जास्त फरक पडला.

आणि पुढच्या आठवड्याचा गृहपाठ बदला. खोटी बातमी पकडून आणायला सांगू नका. ऐकताना थाप वाटेल पण खरी असेल अशी एक बातमी आणायची, आणि ती खरी असल्याचं दोन वेगवेगळ्या, एकमेकांवरून न उचललेल्या ठिकाणांवरून वर्गाला पटवायचं. वर्गाने शंका काढायच्या, आणणाऱ्याने उत्तरं द्यायची.