जुनं पुस्तक स्कॅन करून इंटरनेटवर टाकण्याआधी

कॉपीराइट संपलाय का हे कळायला आधी लेखकाचं मृत्युवर्ष शोधा. पानं किती पिवळी पडलीत याला अर्थ नाही. भारतात मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं, म्हणजे कॉपीराइटमुक्त. पण नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रं वगळा. अनुवाद असेल तर अनुवादकाचंही वर्ष बघा.

ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं प्रकाशनापासून. तुकारामांचा अभंग खुला, त्याची गेल्या वर्षीची रेकॉर्डिंग नाही. बहुतेक जण इथेच फसतात.

विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फाइल-संग्रहावर) अमेरिकेचा नियमही लागतो. गुरुजींचं १९३५ मध्ये छापलेलं पुस्तक तिथे ९५ वर्षं, म्हणजे २०३० अखेरपर्यंत अडकतं. आणि ‘श्रेय मूळ लेखकाला’ लिहिलं म्हणून परवानगी मिळत नाही.