‘सरकलं’ म्हणजे नक्की काय झालं?

या वेळच्या पत्रांतही तोच शब्द. हाड सरकलं, गादी सरकली, बेंबी सरकली. शब्द एक असला तरी दुखणी निरनिराळी आहेत आणि त्यांचे उपचारही.

प्रश्न : सात वर्षांचा मुलगा पेरूच्या झाडावरून पडला. गावातल्या जाणत्याने ‘मोडलं नाही, नुसतं सरकलंय’ म्हणून कोपराला कामट्या आवळून बांधल्या. बोटं सुजलीत. एक्सरे काढायलाच हवा का? (एक आई, खानापूर तालुका)

उत्तर : ताई, पत्र वाचताक्षणी तुम्हाला फोन केला, इथे देतोय ते इतरांसाठी. ‘मोडलं नाही, सरकलंय’ या वाक्याला अर्थच नाही. हाड जागचं हलतं ते दोनच रीतींनी. एक तर मोडून त्याचे तुकडे सरकतात, नाहीतर ते सांध्यातून निखळतं. यातलं काय झालंय हे सुजलेल्या कोपरावर हात फिरवून कळत नाही. एक्सरे हवाच.

पडलेल्या मुलांत कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडणं नेहमीचं, आणि हाताची मुख्य रक्तवाहिनी तिथूनच पुढे जाते. आत सूज वाढतेय आणि वरून कामट्या आवळलेल्या, अशाने स्नायूंचं रक्त तुटतं. काही तासांत ते मरू लागतात, पुढे बोटं आखडून वाकडी होतात. आवळलेल्या पट्ट्यांनी येणारं हे व्यंग फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने १८८१ साली मांडलं होतं, आणि तसे हात मला अजून बघावे लागतात! बोटं सरळ करताना मूल ओरडतंय, बोटं गार, फिकट किंवा बधिर पडलीत, तर पट्टी कापून मोकळी करा आणि लगेच निघा. ‘उद्या सकाळी बघू’ नको. गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा. आणि कोपराला तेल लावून चोळू नका. चोळलेल्या स्नायूत हाड धरतं, मग कोपर वाकत नाही.

प्रश्न : पाय मुरगळलाय, शेजारच्या कन्नड काकू ‘उळुकु’ म्हणतात. शेक द्यावा की बर्फ? (निपाणी)

उत्तर : पहिले दोन दिवस बर्फ, फडक्यात गुंडाळून. चार पावलं टाकता येत नसतील तर एक्सरे.

प्रश्न : एमआरआयमध्ये मणक्याची गादी सरकली आहे असं आलं. गादी जागेवर बसवणारा पट्टा मिळतो म्हणे. घ्यावा का? (हुक्केरी)

उत्तर : नको. गादी साबणासारखी निसटत नाही; ती फुगते किंवा फाटून तिचा आतला गर बाहेर येतो. पट्ट्याने तो आत जात नाही, विकणाऱ्याचा गल्ला तेवढा भरतो. कंबर कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येही फुगलेली गादी दिसते, म्हणून रिपोर्टबरोबर तुम्हालाही तपासायला हवं. बहुतेकांना काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो. मात्र लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

प्रश्न : सुनेची बेंबी सरकते, चोळून बसवतो. यंदा दुखणं राहीना. (चिकोडी)

उत्तर : आजी, बेंबी सरकत नाही. पोट दुखायला अपेंडिक्स, मुतखडा, अशी अनेक कारणं असतात. सूनबाईंना दिवस गेले असतील तर गर्भ नळीत राहिलेलाही असू शकतो. पोट चोळू नका. आजच डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : भूशास्त्राच्या तासाला फ्रॅक्चर, जॉइंट हेच शब्द येतात. तुमचे आणि आमचे अर्थ एकच का? (विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : छान विचारलंस. फ्रॅक्चर दोन्हीकडे तुटणंच. जॉइंट मात्र उलटा आहे. आमच्याकडे जॉइंट म्हणजे हलणारा सांधा. तुमच्याकडे खडकातली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासून सरकलेल्या नसतात. सरकल्या की तो फॉल्ट, मराठीत प्रस्तरभंग. आम्हीही मोडलेल्या हाडाच्या एक्सरेत आधी तेच बघतो : तुकडे जागेवर आहेत की हललेत? प्लास्टर की शस्त्रक्रिया, हे बरंचसं त्यावर ठरतं. गोकाकच्या धबधब्याचा कडा वालुकाश्माचा आहे. तिथली एखादी भेग निवड, तिच्या दोन्ही बाजूंचे थर एका रेषेत जुळतात का बघ, आणि सरांना तिथेच विचार. खडकाच्या बाबतीत त्यांचा शब्द माझ्यापेक्षा खरा.