लहान ट्रॅक्टरने ड्रेनेज पाईपसाठी चर काढता येईल का?

येईल, पण अर्धाच. तुमच्याकडे २४ एचपीचा ट्रॅक्टर आणि एकफाळी पलटी नांगर आहे. चर हवाय ८० मीटर लांब आणि अडीच फूट खोल, म्हणजे एक फूट रुंदी धरली तरी १८-१९ घनमीटर माती. वरची माती ट्रॅक्टर आरामात काढून देईल. खालची त्याच्याकडून काढून घेण्याचा हट्ट मात्र धरू नका.

आधी पाणी बाहेर कुठे पडणार ते ठरवा. पाईपचं तोंड नाल्याच्या नेहमीच्या पाण्याच्या वर राहायला हवं. तिथे तेवढी खोली मिळत नसेल तर सगळी आखणीच बदलावी लागेल. उतार १०० मीटरला निदान २० सेंटीमीटर ठेवा. तुमच्या ८० मीटरला तो १६ सेंटीमीटर होतो, आणि एवढा उतार नजरेला कळत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घ्या, दर दहा मीटरला खुंटी ठोका आणि खुंट्यांवर पाईपच्या उताराचीच दोरी ताणा. मग कुठेही दोरीपासून तळापर्यंतचं अंतर एकच आलं पाहिजे. त्या मापाची एक काठी तोडून हाताशी ठेवा. जमीन वरखाली असली तरी काठी फसत नाही. जुनी पाईपलाईन किंवा केबल त्या पट्ट्यातून गेलीय का, तेही आत्ताच बघा. दोरी मात्र ट्रॅक्टरचं काम उरकल्यावर बांधा, नाहीतर पहिल्याच फेरीत चाकात जाईल.

वाफसा असतानाच, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि कडकही नाही अशा वेळी काम काढा. ओल्यात चाकं नुसती घसरतात आणि चराच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, मग त्यातून पाणी पाझरायला वेळ लागतो. कडक उन्हात नांगर वरच्यावर उड्या मारतो.

सबसॉयलर (जमिनीत खोल जाऊन कठीण थर फोडणारं अवजार) भाड्याने मिळाला तर आधी तो रेषेवरून दोन-तीनदा ओढा, दर वेळी थोडा खोल. खालचा कठीण थर फुटला की पुढचं निम्मं काम हलकं होतं. त्यानंतर नांगर. जाताना एक तास (नांगराची सरी) घ्या आणि येताना नांगर न पलटता दुसरं, म्हणजे माती दोन्ही बाजूंना बाहेर पडेल. फूट-सव्वा फूट खोली मिळाली की ट्रॅक्टर बाजूला लावा. पुढे खोल चराच्या कडेवर चाक आलं तर कड ढासळते आणि लहान ट्रॅक्टर कलंडायला वेळ लागत नाही. चर जेवढा खोल, निदान तेवढं अंतर चाक लांब ठेवा.

साखळीचा ट्रेंचर, म्हणजे चर खोदणारं यंत्र, जोडायचा विचार असेल तर क्रीपर गिअर (ट्रॅक्टर अगदी हळू चालवणारा गिअर) आहे का ते आधी पाहा. साध्या पहिल्या गिअरचा वेग त्या साखळीला झेपत नाही.

उरलेला फूट-सव्वा फूट टिकाव आणि अरुंद फावड्याने, नाल्याकडच्या तोंडापासून वर चढत काढा. मध्येच पाणी लागलं तर आपोआप वाहून जातं. काढलेली माती कडेपासून दोन फूट मागे ओढा. इथे घाई नको, कारण पाईप चालणार की तुंबणार हे तळच ठरवतो. मध्ये एक खळगा राहिला तरी तिथे गाळ बसत जातो. तळ झाला की वरच्या टोकाला दोन-चार बादल्या पाणी ओता. जिथे डबकं होईल तिथला पुढचा उंचवटा खरवडा. खळग्यात भुसभुशीत माती भरून लेव्हल करू नका, ती पुढे दबते.

सच्छिद्र पाईप फिल्टरच्या कापडात गुंडाळलेला घ्या, खाली-वर बारीक खडी द्या. पाईपवर पहिली अर्धा फूट माती हातानेच टाका. ढेकळांनी पाईप सरकतो किंवा चेपतो. वरची माती ट्रॅक्टरच्या मागच्या पात्याने ओढली तरी चालेल, फक्त बाजूने ओढा, चरावरून चाक नेऊ नका. वर अर्धा फूट वरंबा ठेवा, पहिल्या पावसाळ्यात तो बसतो. नाल्याकडच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर उंदीर आत घर करतात.