वाचकांचे प्रश्न : रॅम्पला जागा पुरत नाही

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आर्किटेक्ट झालो. चिपळूणजवळच्या एका गावात वाचनालयाचं काम करतोय. पुराच्या धास्तीने जोतं २ फूट (६०० मिमी) घेतलंय. इमारतीची दर्शनी बाजू ११ मीटर, पण समोर अंगण जेमतेम ४ मीटर. ठेकेदार म्हणतो, "सरळ ३.६ मीटरचा रॅम्प टाकू, व्हीलचेअर मागून कुणीतरी ढकलेलच." वर पॉलिश कोटा फरशी लावायचं चाललंय. काय करू?

उत्तर : ठेकेदाराला ठाम नाही म्हणा. ६०० मिमी चढायला ३.६ मीटर म्हणजे सहास एक ढाळ, सहा मीटर लांबीत एक मीटर चढ. २०१६चा नॅशनल बिल्डिंग कोड, म्हणजे बांधकामाची राष्ट्रीय नियमावली, बारास एक सांगतो, केंद्राची २०२१ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात.

"कुणीतरी ढकलेलच" हे वाक्य मला सहन होत नाही. माझे बाबा शेवटची सहा वर्षं व्हीलचेअरवर होते. एका लग्नाला गेलो तर हॉलचा रॅम्प असा उभा, की मागून मी आणि पुढून भाऊ, दोघांनी मिळून खुर्ची वर नेली. बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते, तोंडातून शब्द नाही. उतरताना खुर्ची उलटी फिरवून, मागे मागे पाऊल टाकत खाली आणली. जाण्याआधी मी टेप लावला : आठास एक. त्यानंतर बाबा कुठल्याच लग्नाला आले नाहीत. तुमचा ठेकेदार याहून उभा ढाळ द्यायला निघालाय.

जागा तुमच्याकडे आहे, फक्त दिशा बदला. रॅम्प अंगणात पुढे काढू नका, भिंतीला समांतर न्या. ६०० गुणिले १२ म्हणजे ७.२ मीटर. वर आणि खाली प्रत्येकी दीड मीटर सपाट जागा धरा, एकूण १०.२ मीटर. ११ मीटरमध्ये बसलं. रुंदी मोकळी १२०० मिमी ठेवा, कठडे धरूनही अंगण अडीच मीटरच्या आसपास उरेल.

मात्र कोकणात इथेच घात होतो. भिंतीलगतचा रॅम्प नेमका पागोळ्यांखाली येतो. चार महिने एकाच रेषेत पाणी पडलं की तिथे शेवाळ धरणारच. तेव्हा छप्पर रॅम्पच्या बाहेरपर्यंत ओढा, नाहीतर पन्हळ लावून पाणी बाजूला काढा. पॉलिश कोटा तर अजिबात नको, ओला झाला की त्यावर चपलेचाही पाय टिकत नाही. साधं काँक्रीट करा आणि ते ओलं असतानाच ढाळाला आडव्या, झाडूने रेघा मारून घ्या. गवंड्याला सांगून निघून जाऊ नका, त्या दिवशी साइटवर उभे राहा. फार गुळगुळीत घोटायची त्यांच्या हाताला सवय असते.

कठडे दोन्ही बाजूंना हवेत. एक पाइप ९०० मिमीच्या सुमारास, दुसरा त्याखाली, आणि दोन्ही टोकांना ३०० मिमी पुढे काढलेले. उघड्या कडेला बुटका बांध घाला, म्हणजे चाक घसरून खाली जाणार नाही.

आणि दरवाजा! रॅम्प अचूक करून वर उंबरठा ठेवलेला मी पाहिलाय. खुर्चीची पुढची छोटी चाकं अंगठ्याएवढ्या उंचवट्यालाही अडतात. सुताराला "तीन फुटी दरवाजा" सांगाल तर तो चौकट बाहेरून तीन फूट मोजेल, आतून जेमतेम अडीच फूट मिळेल. "दार उघडल्यावर मोकळे ९०० मिमी" असंच ड्रॉइंगवर लिहा.

गावकरी खर्चावर अडले तर सांगा, वाचनालय सार्वजनिक आहे, २०१६चा दिव्यांग हक्क कायदा त्याला लागू होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक करायला केंद्राला सांगितलंय.

प्रश्न : स्लॅबला पाणी किती दिवस मारायचं? गवंडी म्हणतो सात.

उत्तर : आधी सिमेंटची गोणी वाचा. तिच्यावर आयएस (भारतीय मानक) २६९ असेल तर ते ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट, त्याला किमान सात दिवस. आयएस १४८९ असेल तर पीपीसी, म्हणजे राखेसारखा पदार्थ मिसळलेलं सिमेंट, त्याला काँक्रीटच्या आयएस ४५६ मानकाप्रमाणे किमान दहा. उन्हाळ्यात कोरडी हवा असेल तर पीपीसीला चौदा दिवस द्या. नुसतं पाणी शिंपडून भागत नाही, मातीचे किंवा सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे वाफे करून पाणी साठवा आणि दुपारी वर चढून ते आटलं नाही ना, हे स्वतः बघा.